टॅरोच्या पत्त्यांची चित्रकार

भगिनींनो, टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगतात, हे आपण ऐकतो. ते खरे की खोटे, या वादात मी पडत नाही. मला सांगायचे आहे ते त्यांवरची चित्रे काढणाऱ्या बाईविषयी.

पामेला कोलमन स्मिथ १८७८ साली लंडनला जन्मली. लहानपण मँचेस्टर व जमैकात गेले. चित्रकला ती अमेरिकेत शिकली. एकविसाव्या वर्षापर्यंत आईवडील दोघेही गेले. १९०९ साली वेट नावाच्या गृहस्थांनी तिच्याकडून ७८ पत्ते काढून घेतले. पूर्वी त्यांतल्या ५६ लहान पत्त्यांवर बहुधा नुसते पेले, तलवारी अशी चिन्हे असत, आपल्या बदाम-इस्पिकासारखी. हिने तिथे माणसे आणली! कोणी रात्री अंथरुणात उठून, तोंड झाकून बसले आहे. कोणी सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभा आहे. अशा रात्री कोणी काढल्या नाहीत? म्हणूनच नवशिक्यालाही अर्थ लागतो.

काम एवढे मोठे, पण पैसे अगदी थोडे मिळाले. पत्त्यांना नावही प्रकाशक रायडर आणि वेट यांचेच पडले. तिची वळणदार सही तेवढी कोपऱ्यात राहिली. (घरच्या कामाचेही असेच, पण ते असो.) १९५१ साली कॉर्नवॉलमधील ब्यूड गावी ती वारली, तेव्हा कर्जापायी तिचे सामानसुमान विकावे लागले. आता कित्येक जण त्या पत्त्यांना रायडर-वेट-स्मिथ म्हणतात.