जाळ्यातली 'तार' ओळखणारे शिक्षक : झाँ आंरी फाब्र



पावसाळा सरता सरता आपल्या लिंबागणेशच्या शिवारात तुरीच्या, कपाशीच्या ओळींत कोळ्यांची जाळी दिसतात. माशी अडकली रे अडकली, की कोळी धावत येतो. त्याला हे कळतं कसं? आठ डोळे असतात म्हणून? हाच प्रश्न एका शिक्षकाला पडला होता.

झाँ आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात, गरीब शेतकरी घरात झाला. लहानपणी त्यांनी जत्रेत लिंबं विकली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते प्राथमिक शिक्षक झाले. ते संध्याकाळी मोफत वर्ग घेत. त्यात मुलींनाही फुलांचं फलन कसं होतं ते शिकवलं, म्हणून गावातले काही लोक चिडले. राहतं घर सुटलं, नोकरीही सोडावी लागली. घरात लेकरंबाळं होती. तरी ते खचले नाहीत. पुस्तकं लिहून संसार चालवला आणि १८७९ मध्ये सेरिन्यां गावी एक माळरान घेतलं. दगडगोटे, काटेरी झुडपं आणि किडे, हीच त्यांची प्रयोगशाळा.

आता त्यांचा प्रयोग पाहा. त्यांनी मेलेला नाकतोडा अलगद जाळ्यावर ठेवला. कोळी जवळच होता, पण हलला नाही. मग त्यांनी काडीने नाकतोडा हलवला. कोळी लगेच धावला! लाल लोकरीचा गोळा हलवला, तरी धावला. म्हणजे डोळ्यांचं काम नाही, हादऱ्याचं आहे.

काही कोळी जाळ्याबाहेर पानांच्या आडोशाला बसतात. जाळ्याच्या मध्यापासून तिथपर्यंत एकच धागा जातो. फाब्र यांनी तो कात्रीने कापला. मग जाळ्यात जिवंत नाकतोडा पाय झाडत राहिला, पण बराच वेळ कोळ्याला पत्ताच नाही! तो धागा म्हणजे बातमी आणणारी तारच होती. वाऱ्यानेही ती हलते, पण त्या हलण्याला कोळी फसत नाही.

पुढे शास्त्रज्ञांना कोळ्याच्या पायांच्या सांध्यांजवळ बारीक चिरांसारखी ज्ञानेंद्रियं आढळली. हादरे ओळखतात ती हीच.

फाब्र यांचे कीटकांवरचे दहा खंड प्रसिद्ध झाले. १९१५ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मुलांनो, त्यांच्याजवळ महागडं यंत्र नव्हतं. काडी, कात्री आणि धीर एवढंच होतं. उद्या बांधावर जाळं दिसलं तर तोडू नका. गवताच्या काडीचं टोक हळूच लावा, थांबा आणि काय दिसलं ते वहीत लिहा.