विश्लेषण : प्राण्यांवरील क्रौर्याला अवघा ५० रुपये दंड का? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कायद्याची गोष्ट…

जुलै २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने इमारतीच्या गच्चीवरून कुत्रीला खाली फेकले आणि दुसऱ्याने ते मोबाइलवर चित्रित केले. चित्रफीत देशभर पसरली. दोघे पकडले गेले, पण त्यांना लगेच जामीनही मिळाला. प्राण्यांशी क्रूरपणे वागणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्यानुसार जास्तीत जास्त ५० रुपये दंड होतो, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळले. संतापाचा रोख न्यायालयांवर होता. हा आकडा मात्र न्यायालयाने नव्हे, संसदेने १९६० मध्ये ठरवलेला आहे. हा कायदा व्हावा म्हणून धडपडलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच शहरात राहत होत्या.

रुक्मिणीदेवी कोण होत्या?

भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या नृत्यांगना आणि ‘कलाक्षेत्र’च्या संस्थापक ही त्यांची सर्वपरिचित ओळख. २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराईत त्यांचा जन्म झाला. वडील नीलकंठ शास्त्री सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता होते आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या विचारांचे होते. पुढे हे कुटुंब मद्रासमधील अड्यार येथे, सोसायटीच्या मुख्यालयाजवळ राहायला आले. ॲनी बेझंट यांच्या सहवासात रुक्मिणी वाढली. सर्व जीव एकाच सूत्रात बांधलेले आहेत, ही शिकवण तिला घरातून आणि सोसायटीतून अशी दोन्हीकडून मिळाली. शाकाहार आणि प्राण्यांविषयीची कणव ही पुढे जोडलेली आवड नव्हती, तो या घडणीचाच भाग होता.

लोकांच्या रोषाचा पहिला अनुभव कधी आला?

१९२० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी जॉर्ज अरुंडेल या ब्रिटिश थिऑसॉफिस्टशी लग्न केले. ते त्यांच्याहून २५ वर्षांनी मोठे होते. ब्राह्मण घरातील मुलीने परदेशी माणसाशी लग्न केल्याने मद्रासच्या समाजात खळबळ उडाली. दुसरे वादळ नृत्यामुळे उठले. १९२८ मध्ये रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवा यांच्याशी ओळख झाली. आपल्या देशातील नृत्याचा शोध घ्यावा, असा सल्ला पावलोवा यांनी दिला. तेव्हा देवदासींचे ‘सदिर’ हे नृत्य हिणवले जात होते. रुक्मिणीदेवी ते मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या आणि १९३५ मध्ये अड्यारला जाहीर रंगमंचावर नाचल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कलाक्षेत्र’ सुरू केले. पिढ्यानपिढ्या हे नृत्य जपणाऱ्या घराण्यांच्या हातून ते उच्चवर्णीयांकडे गेले, ही टीका त्यांच्यावर आजही होते. विरोध झाला म्हणून हाती घेतलेले काम सोडायचे नाही, ही सवय मात्र त्यांना याच काळात लागली.

संसदेत त्यांनी नेमके काय केले?

१९५२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. कलावंत म्हणून आलेल्या सदस्याकडून कलेविषयीच्या भाषणांची अपेक्षा होती. त्यांनी मात्र प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी खासगी विधेयक आणले. तेव्हा देशात इंग्रजांच्या काळातला १८९० चा कायदा लागू होता. तो नगरपालिकांच्या हद्दीपुरता होता आणि पाळीव किंवा पकडून ठेवलेल्या प्राण्यांनाच लागू व्हायचा. गावातल्या बैलाला किंवा रस्त्यावरच्या कुत्र्याला त्याचा आधार नव्हता.

१९५४ मध्ये विधेयकावर चर्चा झाली. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी सहानुभूती दाखवली. सरकार समिती नेमून स्वतःच व्यापक कायदा करील, असे आश्वासन त्यांनी दिले. रुक्मिणीदेवींसमोर दोन वाटा होत्या. विधेयक मतदानाला टाकले असते तर ते पडण्याचीच शक्यता अधिक होती, कारण सरकारचा पाठिंबा नसलेली खासगी विधेयके क्वचितच मंजूर होतात. मागे घेतले तर कायद्याचे शब्द कोण लिहिणार, हे त्यांच्या हातात राहणार नव्हते. त्यांनी विधेयक मागे घेतले.

मग कायद्यात काय आले, काय राहून गेले?

सरकारने समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर सरकारी विधेयक आले आणि डिसेंबर १९६० मध्ये प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. त्याने मिळवून दिले ते मोठे होते. ‘प्राणी’ या शब्दात माणूस सोडून प्रत्येक सजीव आला. आपल्या ताब्यातील प्राण्याला विनाकारण वेदना होऊ न देणे हे कलम ३ ने प्रत्येकाचे कर्तव्य ठरवले. कायद्याने प्राणी कल्याण मंडळाचीही तरतूद केली. १९६२ मध्ये ते मद्रासमध्ये स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

तडजोडीही होत्या. संशोधनासाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास मुभा राहिली. धार्मिक रूढीनुसार होणारी हत्या कायद्याबाहेर ठेवली गेली. जुन्या कायद्यातील शिक्षा अपुऱ्या आहेत, हे नव्या कायद्यामागचे एक कारण होते. तरीही कलम ११ मधील मारहाण, उपासमार, जादा ओझे लादणे अशा गुन्ह्यांना पहिल्या वेळी ५० रुपयांची मर्यादा घातली गेली. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केल्यास १०० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याच कायद्यात दूध वाढावे म्हणून गायी-म्हशींवर केल्या जाणाऱ्या ‘फुका’ या क्रूर प्रकाराला मात्र १,००० रुपयांपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. म्हणजे कठोर शिक्षा लिहिणे तेव्हाही शक्य होते.

५० रुपये तेव्हा कमी होते का?

तसे म्हणता येणार नाही. १९६० च्या सुमारास दहा ग्रॅम सोने साधारण ११० रुपयांना मिळत होते. त्या हिशेबाने ५० रुपये म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम सोने. गाडीवानाला हा दंड नक्कीच जाचला असता. आज त्यात दोघांचा चहा-वडापाव होतो. रक्कम महागाईशी जोडली गेली नाही आणि पुढच्या सरकारांनी ती वाढवली नाही. १९८२ च्या दुरुस्तीनंतरही कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे.

न्यायालये सौम्य आहेत की कायदा?

आरोप सिद्ध झाला तरी कलम ११ खाली न्यायदंडाधिकाऱ्याला कायद्याने घातलेल्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही. या कलमाखालील बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, त्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो दाखलच करता येत नाही. दोषीकडून प्राणी काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तो वापरायचा की नाही, हे न्यायाधीशांच्या हातात असते आणि त्याबद्दल त्यांना प्रश्न विचारता येतो. दंडसंहितेतील तरतूद अधिक कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण उपाशी ठेवणे, डांबून ठेवणे, जादा ओझे लादणे असे रोजचे क्रौर्य त्यात सहसा बसत नाही.

चेन्नईच्या प्रकरणात विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई म्हणून त्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी दोन लाख रुपये भरायला लावले. कायद्याच्या कमाल दंडाच्या हे ४,००० पट होते.

बदल का होत नाही?

मे २०१४ मध्ये जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या कलम ३ आणि ११ चा आधार घेतला होता. शिक्षा परिणामकारक व्हाव्यात यासाठी संसदेने कायद्यात दुरुस्ती करावी, अशी अपेक्षाही त्यात होती. शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्यात शर्यतीच्या अटी मोडणाऱ्यांसाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. २०२३ मध्ये घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये मूळ कायद्यात दंड आणि कैद वाढवणारा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केला. पुढे तो रखडला.

रुक्मिणीदेवींनी अखेरपर्यंत काय केले?

राज्यसभेची मुदत १९६२ मध्ये संपली तरी मंडळाचे काम त्यांनी सोडले नाही. प्रयोगांसाठी परदेशी पाठवल्या जाणाऱ्या माकडांसाठी त्या सतत झगडल्या. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, १९७८ मध्ये ही निर्यात थांबली. १९७७ मध्ये मोरारजींनी त्यांना राष्ट्रपतीपदासाठी उभे राहण्याविषयी विचारले होते. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि त्या ‘कलाक्षेत्र’ व प्राणी कल्याणाच्या कामातच राहिल्या. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

१९५४ मध्ये विधेयक मागे घेताना त्यांनी सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. सहा वर्षांनी कायदा झाला, तेवढ्यापुरता तो शब्द पाळला गेला. दंडाचा आकडा बदलण्याचे काम तेव्हाप्रमाणेच आजही संसदेकडे आहे.