रमाबाई रानडे

आज आपण पेन, टेबल, स्टेशन, तिकीट असे इंग्रजी शब्द सहज बोलतो. गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावातही मुले-मुली इंग्रजीचे धडे वाचतात. त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या सुनेने इंग्रजी वाचले, तर घरात वादळ उठत असे. अशा काळात रमाबाई रानडे इंग्रजी शिकल्या.

रमाबाईंचा जन्म १८६२ च्या सुमारास देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. माहेरी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा रमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती.

रानडे मोठे विद्वान होते. स्त्रियांनी शिकले पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनी पत्नीच्या हातात पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतःच तिला शिकवू लागले. रमाबाई दिवसभर घरकाम करीत आणि रात्री धडा गिरवीत. मराठी चांगले वाचता येऊ लागल्यावर त्यांचे इंग्रजीचे शिक्षण सुरू झाले.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच आवडले नाही. एकदा रमाबाई भांडी घासत होत्या. तेथे इंग्रजी वर्तमानपत्राचा एक तुकडा पडला होता. ओळखीची अक्षरे दिसताच त्या कुतूहलाने तो वाचू लागल्या. हे पाहून ताईसासूबाई खूप रागावल्या आणि रमाबाईंना टोचून बोलल्या. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी बोलणी मुकाट्याने सोसली, पण अभ्यास सोडला नाही.

पुढे पुण्यात पंडिता रमाबाईंशी त्यांचा स्नेह जुळला. मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडूनही त्या इंग्रजी शिकल्या. १८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढण्याची खटपट चालू होती. त्यासाठी रमाबाईंनी मोठमोठ्या अधिकाऱ्यांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. त्याच वर्षी ती शाळा सुरू झाली. हीच पुण्याची हुजूरपागा शाळा. बाहेर रमाबाईंचे कौतुक झाले, पण घरी मात्र त्यांना टोमणे ऐकावे लागले.

१८८६ साली सरकारी कामासाठी रानडे कलकत्त्याला गेले. रमाबाईही बरोबर होत्या. तेथे रानडे यांनी बंगाली शिकायला घेतली. एके दिवशी दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच ते बंगाली शब्दांचे उच्चार आणि अर्थ विचारू लागले. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्याचा विद्यार्थी झालेला पाहून रमाबाईंना हसू आले. तेव्हा ज्याच्याकडून शिकायला मिळेल तो आपला गुरू, हे रानडे यांनी त्यांना समजावले. मग रमाबाईही पतीकडून बंगाली शिकल्या.

१९०१ साली रानडे यांचे निधन झाले. रमाबाईंवर दुःखाचा डोंगर कोसळला. पण त्या खचल्या नाहीत. १९०९ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. लहानपणी शिकायला न मिळालेल्या कितीतरी प्रौढ स्त्रिया तेथे लिहू-वाचू लागल्या. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका होऊन रुग्णांची सेवा करू लागल्या. १९१० साली रमाबाईंचे आठवणींचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

भांड्यांच्या ढिगाशेजारी कागदाचा तुकडा वाचणाऱ्या सुनेने पुढे शेकडो स्त्रियांच्या हाती पुस्तक दिले. स्वतः शिकताना सोसलेला त्रास इतर स्त्रियांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या.

शब्दार्थ
वावगे – अयोग्य
मुकाट्याने – काही न बोलता
स्नेह – मैत्री
खचणे – धीर सोडणे
परिचारिका – नर्स

स्वाध्याय
१. ताईसासूबाई रमाबाईंवर का रागावल्या?
२. रानडे न्हाव्याला काय विचारीत होते?
३. सेवासदनामुळे स्त्रियांना कोणता लाभ झाला?
४. तुम्ही घरी किंवा बाजारात रोज ऐकता असे दहा इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहा.