खिडकीतलं फ्लॉरेन्स

कॉलेजात इंग्रजी विषय घेतलेल्या मैत्रिणींना एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हे नाव आठवत असेल. प्रेमाची सुनीतं लिहिणारी ती कवयित्री. नवरा रॉबर्टही मोठा कवी. या दोघांच्या प्रेमाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ही बाई आणखी एका प्रेमात पडली, एका गावाच्या!

एलिझाबेथ जन्मली १८०६ मध्ये, इंग्लंडात. बारा भावंडांत थोरली. ऐन पंधराव्या वर्षी दुखणं मागे लागलं ते कायमचं. वेदना थांबाव्यात म्हणून अफूचं औषध सुरू झालं, तेही सुटलं नाही. १८४० मध्ये लाडका भाऊ बुडून गेला आणि ती पार खचली. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात, वरच्या खोलीत, ती दिवसचे दिवस कोचावर पडून असायची. हिवाळ्यात तर खिडक्यासुद्धा बंद. सोबतीला पुस्तकं आणि फ्लश नावाचा कुत्रा. कविता मात्र देशभर गाजत होत्या.

वडिलांचा तिच्यावर जीव होता, पण घरात एक विचित्र नियम होता. मुलगा असो की मुलगी, कुणीही लग्न करायचं नाही. का, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक! हवापालटासाठी इटलीला जाण्याचा विषय निघाला तेव्हाही त्यांनी साथ दिली नाही.

१८४५ मध्ये कविता वाचून रॉबर्टचं पत्र आलं. तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पुढच्या वर्षी, १२ सप्टेंबरला दोघांनी चर्चमध्ये गुपचूप लग्न केलं. आणि मग ती घरी परत गेली! अंगठी काढून ठेवली, आठवडाभर काही घडलंच नाही अशी वावरली. विचार करा, काय झालं असेल त्या आठ दिवसांत तिच्या मनाचं. मग मोलकरीण विल्सन आणि फ्लशला घेऊन ती बाहेर पडली. माहेर तुटलं ते तुटलंच.

पहिला हिवाळा पिसा गावात काढून १८४७ च्या एप्रिलमध्ये ते फ्लॉरेन्सला आले. उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी एक जागा भाड्याने घेतली, कासा ग्वीदी. समोर पिट्टी राजवाडा, बाजूला सॅन फेलिचे चर्च. लंडनच्या मानाने खर्च कमी, ऊन भरपूर. दुखणं गेलं नाही, पण कोचावरची बाई हिंडू-फिरू लागली. फ्लशला बिचाऱ्याला पिसवा झाल्या, त्याचे सगळे केस कापावे लागले, एवढीच काय ती तक्रार! पुढच्या वर्षी तीच जागा त्यांनी पुन्हा घेतली, मग तेच घर झालं. १८४९ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी तिला मुलगा झाला. आधी गर्भपात झालेले, तब्येत ही अशी. कुणाला वाटलं असतं?

तिचं प्रेम नुसतं उन्हावर आणि देखण्या इमारतींवर नव्हतं. तेव्हा इटली तुकड्यातुकड्यांत विभागलेली होती आणि तिच्यावर ऑस्ट्रियाचा वचक होता. लग्नाच्या पहिल्याच वाढदिवशी खिडकीतून तिने प्रचंड मिरवणूक पाहिली. ग्रँड ड्यूकने नागरिकांना स्वतःचं रक्षक दल दिलं, त्याचा तो आनंद. दोन वर्षांनी त्याच खिडकीखालून ऑस्ट्रियाचं सैन्य शहरात शिरलं. ती आशा आणि ती निराशा तिने १८५१ च्या ‘कासा ग्वीदी विंडोज’ या दीर्घकाव्यात मांडली. परक्या देशाच्या राजकारणात बाईने पडावं, हे इंग्लंडात पुष्कळांना रुचलं नाही. तिने लिहिणं थांबवलं नाही.

वडिलांना ती पत्रं लिहीत राहिली. १८५१ मध्ये ती लंडनला गेली, तेव्हा त्यांनी तिच्या पत्रांचे गठ्ठे परत पाठवले. एकही पत्र फोडलेलं नव्हतं. १८५७ मध्ये ते गेले, न भेटताच.

१८६१ मध्ये इटलीचं एक राज्य झालं, ते तिने पाहिलं. त्याच वर्षी २९ जूनला कासा ग्वीदीतच, रॉबर्टच्या मिठीत तिने प्राण सोडला. त्या गल्लीतली दुकानं अंत्ययात्रेच्या दिवशी बंद होती. पुढे शहराने तिच्या दारावर कृतज्ञतेची पाटी बसवली.

रॉबर्ट मुलाला घेऊन इंग्लंडला परतला आणि फ्लॉरेन्सला पुन्हा कधी गेला नाही. त्याचं दफन लंडनला, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालं. ती मात्र तिथेच आहे, फ्लॉरेन्सच्या इंग्लिश दफनभूमीत.