बालविधवा ठरवून समाजाने बाजूला केलं, त्याच कमलाताईंनी नागपूरच्या बाळंतिणींसाठी दवाखाना काढला

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्मच. अंधारी खोली, जुनेर कपडे आणि नाळ कापायला घरात सापडेल ते हत्यार. बाळंतज्वर झाला की नशिबाला दोष द्यायचा.

खरंतर यावरचा उपाय जगाला सापडला होता. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिलं, की तपासणाऱ्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. त्याचं तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण पुढे इंग्लंडने 1902 मध्ये कायदा करून सुइणींना प्रशिक्षण आणि नोंदणी सक्तीची केली.

भारतात हे ज्ञान आलं ते मुख्यतः सरकारी आणि मिशनरी दवाखान्यांतून. 1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांच्या उपचारांसाठी फंड उभारला, त्यातून गावोगावी डफरिन हॉस्पिटलं निघाली. अडचण एकच. परक्या माणसांच्या दवाखान्यात बाळंतपणाला जायचं, हेच कित्येक घरांना मान्य नव्हतं.

इथे येतात कमलाताई होस्पेट. जन्म 1896 चा. बाराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी वैधव्य. त्या काळी शुभकार्यात विधवेची सावलीही नको असायची. अशा मुलीने नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचं शिक्षण घेतलं, म्हणजे विलायतेत घडलेली ही पद्धत तिला नागपुरातच शिकायला मिळाली. तिथे नोकरी धरून आयुष्य काढता आलं असतं.

पण 1921 मध्ये वेणूताई नेने यांना सोबत घेऊन त्यांनी सीताबर्डीत प्रसूतिगृह काढलं. खाटा फक्त चार. नाव ठेवलं मातृसेवा संघ. शिक्षण विलायती धर्तीचं, पण बाळंतिणीशी बोलणारी बाई आपल्यातली, आपल्याच भाषेत समजावणारी. फंडाच्या मोठाल्या इमारतींना जे जमत नव्हतं, ते या चार खाटांनी साधलं. जी बाई कुणाच्या बारशाला नको होती, तिच्याच हातावर नागपुरातली मुलं जन्माला येऊ लागली.

पुढे संघाचं काम बाळंतपणापुरतं राहिलं नाही. मतिमंद मुलांची शाळा, वृद्धाश्रम, समाजकार्याचं महाविद्यालय असा त्याचा पसारा वाढत गेला. 1961 मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. 1981 मध्ये त्या गेल्या.