बालगंधर्व आणि आपले रंगमंदिर

जंगली महाराज रस्त्यावरील बालगंधर्व रंगमंदिरात गेले की चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेल्या दोन तैलचित्रांपुढे मी थोडी थांबते. एकात बालगंधर्व पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात. ज्यांचे नाव या वास्तूला आहे, त्यांचे चरित्र मुलींना ठाऊक असावे, म्हणून हे चार शब्द.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, आणि तेच नाव कायमचे झाले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिका पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. तरीही त्यांनी प्रयोग केला. या निष्ठेचे सर्वजण कौतुक करतात. मला मात्र त्या वेळी घरी असलेल्या लक्ष्मीबाईंची आठवण आधी येते.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. उंची वस्त्रे, अत्तरे यांवर हात सैल सुटला आणि कर्ज वाढले. १९२१ मध्ये मंडळी कर्जासह एकट्या नारायणरावांकडे आली. तिला टाळे न लावता त्यांनी काही वर्षांत कर्ज फेडले. त्याच वर्षी ८ जुलैला केशवराव भोसल्यांसह त्यांनी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी.

उतारवयात पायांनी साथ सोडली. तशाही स्थितीत ८ ऑक्टोबर १९६२ रोजी या रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांच्याच हस्ते झाले. १५ जुलै १९६७ ला ते गेले, आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिर उघडले. पूर्ण झालेली वास्तू त्यांनी पाहिलीच नाही.

पुढे ही वास्तू पाडून नवी बांधावी, अशी योजना निघाली, तेव्हा पुण्यात दोन मते पडली. मला विचाराल तर, जुने झाले ते दुरुस्त करावे. खुर्च्या बदलाव्यात, स्वच्छतागृहे नीट करावीत, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्यांचा त्रास होऊ नये. कर्जात बुडालेली मंडळी ज्यांनी मोडली नाही, त्यांच्या नावाची वास्तू आपण तरी का मोडावी? नाटक, लावणी, शाळेचे संमेलन, सत्कार, सर्वांना पुणेकर येथेच जमतात. आपणही वर्षातून एखादे नाटक तिकीट काढून पाहू या.