चौथी संख्या

विल्यम रोवन हॅमिल्टन याचा जन्म १८०५ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. बालपणी चुलत्याजवळ राहून त्याने ग्रीक, लॅटिन, हिब्रू अशा अनेक भाषा आत्मसात केल्या. विद्यार्थिदशेतच, १८२७ मध्ये, तो खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला.

सपाट कागदावर एखादा बिंदू सरकवणे वा फिरवणे दोन संख्यांच्या गणिताने साधते. अवकाशात लांबी, रुंदी व उंची अशा तीन दिशा. तेव्हा तेथे तीन संख्या पुरतील, असे हॅमिल्टनला वाटे. परंतु त्रिकुटांचा गुणाकार काही केल्या जुळेना. वर्षामागून वर्षे गेली. न्याहारीला बसताना मुले विचारीत, की गुणाकार साधला का? बिचारा बाप मान हलवून सांगे, की बेरीज-वजाबाकीच तेवढी जमते.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी तो पत्नीसह कालव्याच्या काठाने एका सभेस निघाला होता. ब्रूम पुलापाशी त्याला एकाएकी उमगले, की चौथी संख्या हवी! त्याने तेथेच चाकूने ते सूत्र पुलाच्या दगडावर कोरले.

या गणितात गुणाकाराचा क्रम बदलला, की उत्तरही बदलते. हे विपरीत वाटते खरे. पण हातातील पुस्तक पाव फेरा पुढे व मग पाव फेरा उजवीकडे वळवून पाहावे. नंतर हेच उलट क्रमाने करावे. पुस्तक निराळ्याच स्थितीत येते!

उरलेली बावीस वर्षे हॅमिल्टन याच गणितात गढलेला होता. १८६५ मध्ये तो निवर्तला. दगडावरील अक्षरे केव्हाच झिजली. मात्र अवकाशयान वळवताना संगणक आज त्याच चार संख्या वापरतात.